अब्रूचे झाड : अ‍ॅस्पिडिस्ट्रा, धूर आणि ऑर्वेल

जॉर्ज ऑर्वेलच्या ‘कीप द अ‍ॅस्पिडिस्ट्रा फ्लाइंग’ (१९३६) या कादंबरीच्या शीर्षकाचा उलगडा आपल्याकडे बहुधा एका वाक्यात केला जातो : अ‍ॅस्पिडिस्ट्रा हे इंग्रज कनिष्ठ मध्यमवर्गाच्या प्रतिष्ठितपणाचे प्रतीक आहे. वाक्य बरोबर आहे. पण ते ऐकल्यावर विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभे राहत नाही. हे झाड दिसते कसे, वाढते कसे, आणि शेकडो झाडांतून नेमके हेच त्या वर्गाच्या खिडकीत कसे येऊन बसले, हे प्रश्न ‘प्रतीक’ हा शब्द उच्चारताच मिटल्यासारखे होतात. प्रस्तुत लेखात ते पुन्हा उघडण्याचा प्रयत्न आहे. प्रतीकाच्या आधी झाड असते, आणि झाडाच्या निगेचा इतिहास कळला तर कादंबरीही थोडी वेगळी वाचता येते, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

१

अ‍ॅस्पिडिस्ट्रा इलेटिओर ही सदाहरित, वर्षानुवर्षे जगणारी वनस्पती आहे. तिला उभे खोड नसते. आल्याच्या किंवा हळदीच्या गड्ड्यासारखे खोड मातीलगत आडवे वाढते आणि त्यातून एकेक पान स्वतःच्या देठावर थेट वर येते. पान लांबट, भाल्याच्या पात्यासारखे, गडद हिरवे आणि चामड्यासारखे चिवट असते. वर्षाकाठी मोजकीच नवी पाने येतात, पण आलेले पान दीर्घकाळ टिकते. जॉन बेलेंडन केर गॉलर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२२ साली या प्रजातीला नाव दिले. ग्रीक भाषेतील ‘ढाल’ या अर्थाच्या शब्दावरून ते घडवले आहे, कारण फुलाच्या आतला स्त्रीकेसराचा माथा लहानशा ढालीसारखा पसरट असतो. आपण ज्या जातीविषयी बोलत आहोत तिचे ‘इलेटिओर’ हे नामकरण कार्ल लुडविग ब्लूमे याने १८३४ साली केले.

आता निगा. हे झाड सावलीत ठेवावे, उत्तरेकडची खिडकी उत्तम. थेट ऊन लागू देऊ नये, पाने फिकटतात आणि करपतात. वरची माती सुकेपर्यंत पाणी घालू नये. मुळाशी पाणी साचले तर आडवे खोड कुजते, आणि या झाडाच्या मरणाचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. खत फार देऊ नये. पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांचा जो प्रकार आहे, त्याचे पट्टे सकस मातीत पुसट होतात. कुंडी वारंवार बदलू नये, मुळे दाटलेली त्याला चालतात. तीन-चार वर्षांनी, वसंताच्या सुमारास, खोडाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यास दोन-तीन पाने राहतील असे वेगळे लावावे. झाड वाढवण्याचा हाच रूढ मार्ग.

या सूचना वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्यांतील बहुतेक नकारार्थी आहेत. हे करू नये, ते करू नये. नित्य करावयाचे असे एकच काम उरते : ओल्या फडक्याने पानांवरची धूळ पुसणे. अंधाऱ्या खोलीत पानापर्यंत जो थोडा प्रकाश पोहोचतो, तोही काजळीच्या थराने अडू नये म्हणून ते आवश्यक असते. पण ही क्रिया बागकामाची कमी आणि घरकामाची अधिक. ज्या हाताने टेबल पुसायचे, कपाटावरच्या चिनी मातीच्या बाहुल्या पुसायच्या, त्याच हाताने, त्याच फेरीत अ‍ॅस्पिडिस्ट्राची पाने पुसायची. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये हे झाड बागेच्या खात्यात फारसे नव्हतेच, ते सामानसुमानाच्या खात्यात होते. त्याच्या पुढल्या साऱ्या वाङ्मयीन नशिबाचे बीज मला या ओल्या फडक्यात दिसते.

२

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज शहरी घर झाडांना जगू देणारे नव्हते. १६९६ पासून इंग्लंडमध्ये खिडक्यांवर कर होता, तो १८५१ साली रद्द झाला. काचेवरचा कर त्याआधी, १८४५ मध्ये गेला. कर गेले तरी जुनी घरे तीच राहिली, आणि नव्या चाळवजा रांगघरांतही रस्त्याकडच्या खोलीला एखादीच खिडकी, तिच्यावर जाळीदार पडदा. बाहेर दगडी कोळशाचा धूर. हा धूर झाडांना कसा मारतो याची नोंद लंडनच्या पूर्व भागात राहणारा डॉक्टर नॅथनिएल बॅगशॉ वॉर्ड याने केली होती. त्याने घराजवळ लावलेली नेची धुराने मरत. मात्र पतंगाचा कोश ठेवलेल्या बंद बरणीतील ओल्या मातीत एक नेचे आपोआप उगवून तगले, असे त्याच्या ध्यानात आले. त्यातून काचेच्या बंद पेटीत झाडे वाढवण्याची रीत निघाली. १८४२ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले. पुढे मळ्यांच्या व्यापारासाठी रोपे समुद्रापार नेण्याचे काम याच पेट्यांनी केले. सुखवस्तू घरांतून नेच्यांचे असे वेड पसरले की चार्ल्स किंग्जलीने १८५५ मध्ये त्या वेडासाठी एक खास शब्दच घडवला.

पण काचेची पेटी खर्चाची होती. ज्यांना ती परवडत नव्हती, त्यांना पेटीविना जगणारे झाड हवे होते. त्यातच घरात गॅसचा दिवा आला. लंडनच्या गॅस कंपनीला १८१२ साली सनद मिळाली आणि शतकाच्या उत्तरार्धात दिव्याचा गॅस मध्यमवर्गीय घरांत नित्याचा झाला. हा गॅस दगडी कोळसा तापवून काढलेला. त्यात हायड्रोजन, मिथेन, विषारी कार्बन मोनॉक्साइड, गंधकाची संयुगे आणि अल्प प्रमाणात इथिलीन असे. गॅसच्या दिव्याजवळ झाडांची पाने गळतात, कळ्या उमलत नाहीत, हे लोकांना अनुभवाने ठाऊक होते. कारण मात्र दिमित्री नेल्युबॉव्ह या तरुण रशियन संशोधकाने १९०१ साली दाखवून दिले. सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेतील हवेत त्याची वाटाण्याची रोपे सरळ वाढण्याऐवजी आडवी पसरत, बाहेरच्या हवेत मात्र सरळ वाढत. दोष दिव्याच्या गॅसमधील इथिलीनचा होता. आज आपल्याकडे केळी पिकवण्याच्या खोल्यांत सोडतात तो हाच वायू. फळ पिकवणे, पान म्हातारे करणे, देठ सैल करणे ही त्याची कामे. इंग्रज बैठकीतल्या नाजूक झाडांना अकाली म्हातारपण येत होते ते दिवे लागल्यावर.

अ‍ॅस्पिडिस्ट्राला या सगळ्याचे फारसे काही वाटले नाही. प्रकाश कमी, त्याला चालतो. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या त्या खोलीत एरवी शेगडी पेटत नसे, ती थंडीही त्याला चालते. धूर, गॅस, वाऱ्याचा झोत, महिनाभर पाण्याचा विसर, सारे तो सोसतो. इंग्रजीत त्याला ओतीव लोखंडाचे झाड हे टोपणनाव पडले ते यामुळेच.

येथे थोडे थांबावयास हवे. या वर्गाने अ‍ॅस्पिडिस्ट्रा निवडला, असे आपण सहज म्हणतो आणि त्या निवडीवरून त्याच्या अभिरुचीचे मोजमाप करतो. वस्तुतः खिडकीत एखादे हिरवे पान असावे ही इच्छा लोकांची. हेच पान असावे हा निर्णय धूर, गॅस, अंधार आणि थंडी यांचा. बाकीची झाडे मेली, हे उरले. आणि या चारही गोष्टी त्या घराच्या भाड्याशी जोडलेल्या होत्या. श्रीमंताकडे काचघर होते, मळ्यातला माळी होता. अगदी गरिबाकडे राखून ठेवायला वेगळी बैठक नव्हती. मधल्या माणसाकडे एक खोली अशी होती की जी तो वापरत नसे, पण रस्त्यावरून दिसत असे. त्या खोलीच्या खिडकीत, पडद्याच्या आड, तिवईवर हे झाड बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगे की या घरात बैठक आहे, पाने पुसली जातात, कुणीतरी काळजी घेते. शेगडीत कोळसा किती आहे हे मात्र ते सांगत नसे. मराठीत याला नेमका शब्द आहे : अब्रू.

३

गॉर्डन कॉमस्टॉक या ऑर्वेलच्या नायकाने जाहिरात-संस्थेतली बरी नोकरी सोडली आहे. पैसा हाच आधुनिक देव आहे, त्याची पूजा करणार नाही, असा त्याचा हट्ट. तो पुस्तकांच्या दुकानात तुटपुंज्या पगारावर काम करतो, कविता लिहू पाहतो आणि मिसेस विसबीच नावाच्या घरमालकिणीच्या भाड्याच्या खोलीत राहतो. ऑर्वेलने स्वतः १९३४-३५ मध्ये लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील पुस्तकांच्या दुकानात काम केले होते, तो अनुभव या चित्रणामागे आहे. गॉर्डनच्या खोलीत अर्थातच अ‍ॅस्पिडिस्ट्रा आहे. शाळेत असताना त्याने रॉबर्ट ट्रेसेलच्या ‘द रॅगेड ट्राउझर्ड फिलॅन्थ्रोपिस्ट्स’ (१९१४) या कादंबरीत उपाशी सुताराची गोष्ट वाचल्याचे त्याला आठवते : घरातले सारे गहाण टाकणारा तो सुतार अ‍ॅस्पिडिस्ट्रा मात्र सोडत नाही. तेव्हापासून हे झाड त्याच्या मनात शरणागतीची खूण होऊन बसले आहे. शीर्षकातला उपरोध याच्याशी जोडलेला आहे. ब्रिटिश कामगार चळवळीचे जे प्रसिद्ध गीत जिम कॉनेलने १८८९ साली रचले, त्यात लाल निशाण फडकत ठेवण्याची शपथ आहे. ऑर्वेलने निशाणाच्या जागी कुंडी ठेवली.

गॉर्डनचे या झाडाशी गुप्त वैर आहे. ते मरावे म्हणून तो त्याला पाणी घालत नाही, पेटत्या सिगारेटची थोटके त्यावर विझवतो, मातीत मीठ मिसळतो. झाड मरत नाही. हा भाग वाचताना आपण हसतो आणि पुढे जातो. पण निगेच्या सूचना ज्याला ठाऊक आहेत तो वाचक येथे थबकेल. पाणी तोडणे ही या झाडाची शिक्षा नव्हेच, ती जवळपास त्याची शुश्रूषा आहे. गॉर्डनला खरोखर ते मारावयाचे असते, तर त्याने रोज सकाळी प्रेमाने तांब्याभर पाणी घालावयास हवे होते. खोड आतून कुजले असते आणि मिसेस विसबीचला कारणही कळले नसते.

हा विनोद ऑर्वेलच्या मनात होता की नाही, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. कादंबरीच्या रचनेत मात्र तो चपखल बसतो. पैशाच्या देवाशी गॉर्डन जे युद्ध करतो, तेही असेच आहे. तो काही करत नाही, करण्याचे थांबवतो. नोकरी सोडतो, मित्राची मदत नाकारतो, स्वतःला उपाशी ठेवतो. आणि पैसा त्याच्या मनातून जाण्याऐवजी प्रत्येक पानावर वाढत जातो. खिशातली नाणी मोजल्याशिवाय त्याला प्रेयसीबरोबर फिरायलाही जाता येत नाही. दुर्लक्षावर जगणाऱ्या गोष्टीशी दुर्लक्षाने लढता येत नाही, हे जसे झाडाबाबत खरे, तसे त्या देवाबाबतही.

शेवटी रोझमेरीला दिवस गेल्याचे कळते, गॉर्डन जाहिरात-संस्थेत परततो, लग्न करतो आणि नव्या बिऱ्हाडात एक अ‍ॅस्पिडिस्ट्रा हवाच असा आग्रह धरतो. त्यावरून नवरा-बायकोचे पहिले भांडण होते. शेवट अनेक समीक्षकांना पराभवाचा वाटतो. मला तो तितका सरळ वाटत नाही. जाळीदार पडद्याआड राहणाऱ्या माणसांकडे गॉर्डन येथे प्रथमच तुच्छतेशिवाय पाहतो. ती पैशाच्याच नियमाने जगतात, तरी त्या नियमाचे रूपांतर ती काहीतरी सभ्य राखण्यात करतात, मुले वाढवतात, अब्रू सांभाळतात, हे त्याला उमगते. प्रतीक तेच राहते, पण त्याची बाजू बदलते. चिवटपणा हा दोष होता, तो येथे गुण होतो. अर्थात खुद्द ऑर्वेल या कादंबरीवर खूष नव्हता, ती पुन्हा छापू नये अशी त्याची इच्छा होती. तो भाग निराळा.

एक योगायोग नोंदण्यासारखा आहे. कादंबरी एप्रिल १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्याच महिन्यात ऑर्वेल वॉलिंग्टन या खेड्यातील झोपडीवजा घरात राहावयास गेला. तेथे त्याने वूलवर्थच्या दुकानातून आणलेली स्वस्त गुलाबाची रोपे लावली. दहा वर्षांनी एका निबंधात त्याने त्यांचा समाधानाने उल्लेख केला, आणि रेबेका सोल्निटने २०२१ साली त्या गुलाबांवरून अख्खे पुस्तक लिहिले. गुलाबाला ऊन लागते, छाटणी लागते, आणि मोकळी जमीन मिळाली तर तो खुलतो. अ‍ॅस्पिडिस्ट्रा आणि गुलाब यांतला फरक अभिरुचीचा म्हणून मांडणे सोपे आहे. खरा फरक पायाखालच्या मातीच्या तुकड्याचा होता, मग तो भाड्याचा का असेना. मिसेस विसबीचच्या बिऱ्हाडकरूंना तो तुकडा नव्हता.

४

या प्रतीकाचे पुढचे आयुष्य विनोदाचे आहे. ग्रेसी फील्ड्स या लोकप्रिय गायिकेने १९३८ साली जगातल्या सर्वांत मोठ्या अ‍ॅस्पिडिस्ट्रावरचे एक विनोदी गाणे गायिले. ते इतके तोंडी बसले की महायुद्धात ब्रिटिशांनी ससेक्समधील क्रोबरोजवळ ६०० किलोवॅटचे प्रचंड रेडिओ प्रक्षेपक उभारले, तेव्हा त्याचे गुप्त नाव ‘अ‍ॅस्पिडिस्ट्रा’ ठेवले. नोव्हेंबर १९४२ पासून ते चालू झाले आणि शत्रूची दिशाभूल करणाऱ्या प्रचारासाठीही वापरले गेले. बैठकीतले मुके झाड असे जर्मन भाषेत बोलू लागले.

दरम्यान त्याची गरज संपत चालली होती. विजेचे दिवे आले. १९५२ च्या डिसेंबरात लंडनवर आलेल्या जीवघेण्या धुरकट धुक्यानंतर १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत घरोघरचा कोळशाचा गॅस जाऊन समुद्रातला नैसर्गिक वायू आला. ज्या चार शत्रूंनी अ‍ॅस्पिडिस्ट्राला खिडकीत बसवले होते, ते एकेक करून निघून गेले आणि इतर झाडांना घर मोकळे झाले. कारण गेले, प्रतीक पुस्तकात उरले. कादंबरीवर १९९७ साली निघालेला चित्रपट अमेरिकेत ‘अ मेरी वॉर’ या निराळ्याच नावाने दाखवला गेला. एकाच भाषेच्या दोन देशांतसुद्धा हे झाड शीर्षकात टिकले नाही.

५

मग मराठीत काय करावे? समजा, कुणी ही कादंबरी मराठीत आणू पाहत असेल तर प्रथम हात तुळशीकडे जाईल. ती मोह पाडणारी चूक ठरेल. तुळस अंगणात, उन्हात असते. तिला पूजा आहे, लग्न आहे, ओव्या आहेत. अ‍ॅस्पिडिस्ट्राला देवत्व नाही. सावलीत जोपासलेले, पानासाठीच वाढवलेले आणि प्रतिष्ठेशी जोडलेले झाड म्हटले तर आपल्याकडे नागवेल आहे. शेवरी-शेवगा-पांगाऱ्याच्या आधाराने आणि सावलीत पानमळा उभा राहतो, आणि विड्याच्या पानाभोवती मानापमानाची मोठी सृष्टी आहे. पण ते पान दिले-घेतले जाते, खाल्ले जाते. खिडकीत नुसते उभे राहणे हे त्याचे काम नव्हे.

सर्वांत जवळचा पर्याय फ्लॅटमधल्या मनीप्लांटचा. मूळचा प्रशांत महासागरातील मूरेआ बेटाचा हा वेल कमी उजेडात, रिकाम्या बाटलीतल्या पाण्यातही जगतो. मध्यमवर्गीय घरात तो सर्वत्र आहे. शिवाय नावातच पैसा, म्हणजे गॉर्डनचा शत्रू आयता शीर्षकात येईल. तरीही अर्थ निसटतो तो येथेच. मनीप्लांट आशेचे झाड आहे : वेल वर चढेल, पैसा येईल. अ‍ॅस्पिडिस्ट्रा काहीच येण्याचे आश्वासन देत नाही. तो भविष्याकडे बघत नाही. आहे ते जाऊ नये, निदान गेलेले दिसू नये, यासाठी तो उभा असतो. त्याच्याजवळ जाणारे मराठीत कोणते झाड नाही. एक माणूस आहे : परीटघडीचा सदरा घालून कर्जाचा हप्ता लपवणारा आपला पांढरपेशा. झाड सापडत नसेल तर भाषांतरकाराने मूळ नावच ठेवावे आणि वाचकाला ही माहिती द्यावी, असे मला वाटते.

कारण प्रतीक एका मातीतून दुसऱ्या मातीत सहज जात नाही, हे खुद्द या झाडानेच दाखवले आहे. त्याचे मूळ घर जपानच्या दक्षिणेकडील कागोशिमा प्रांतातल्या लहान बेटांवरचे दाट, अंधारे जंगल. जपानात त्याला ‘हारान’ म्हणतात. तेथे त्याच्या पानावरून पुष्परचनेचे शिक्षण दिले जाते, आणि कोरून कापलेले पान जेवणाच्या डब्यात पदार्थांमध्ये आडोसा म्हणून ठेवतात. आता बहुतेक डब्यांत त्याची हिरव्या प्लॅस्टिकची नक्कल दिसते. तेथे ते अब्रूचे झाड नाही.

त्याची फुले पानांखाली, मातीला टेकून उमलतात : जांभळट, मांसल, साधारणतः आठ पाकळ्यांची. त्यांचे परागण गोगलगायी करतात असे पुष्कळ काळ सांगितले जाई. कुरोशिमा बेटावरील निरीक्षणांवरून जपानी संशोधकांनी २०१८ साली दाखवले की हे काम मुख्यतः कुजक्या पाल्यातील अळंब्यांवर वाढणाऱ्या चिलटांचे आहे. त्या अंधाऱ्या जंगलात या झाडाने जे सोसणे अंगी बाणवले, तेच इंग्रज खिडकीत प्रतिष्ठितपणा म्हणून वाचले गेले. ही चिलटे नसलेल्या बैठकीतही झाड फुलत असणार, पण पुसणारे फडके वरच्या पानांपुरते होते. कॉमस्टॉकनेही पान उचलून खाली पाहिले नाही.

प्रतीकाचा अर्थ सांगताना आपणही बहुधा वरचीच पाने पुसतो. त्यामुळे एखाद्या वर्गाची परिस्थिती त्याच्या अभिरुचीच्या नावावर मांडली जाते, आणि धुराचा, भाड्याचा, अंधाराचा दोष माणसांच्या माथी बसतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाने निदान एवढे तरी करावे, की कुणाच्या खिडकीतल्या कुंडीला हसण्याआधी त्या खिडकीतून उजेड किती येत होता, हे विचारावे.